बंपरला पोत्याचा टाका

माय, त्या बंपरची खरी किंमत काल दुकानात बसून मोजली. झटक्यात चिकटणाऱ्या गोंदाच्या नळ्या गेल्या, ड्रिलचं एक चांगलं बिट मोडलं, उजव्या हाताच्या बोटांची सालटी निघाली, मिस्त्रीकडे होती नव्हती ती इज्जत गेली, आणि पोराशी इतके दिवस नीट बोललो नाही तो हिशेब वेगळाच. नवा बंपर घेतला असता तर याहून स्वस्तात सुटलो असतो. हे पोरगा पहिल्या दिवसापासून सांगत होता आणि त्याचं बरोबर होतं, म्हणूनच जास्त चीड येत होती. पण बंपर बसला. मंगरूळपीरहून कारंज्यापर्यंत जाऊन परत आला आणि जागा सोडली नाही. आता दुकानात येईल त्याला मी सांगतो, कोण्या मिस्त्रीचा हात लागला नाही, घरच्या घरी स्वतः बसवला. पाण्याच्या मोटारी विकून त्या बोअरमध्ये सोडणाऱ्या माणसाला एवढं यायलाच पाहिजे, असंही वरून जोडतो.

बंपर म्हणजे काय ते तुला सांगावं लागेल. गाडी तुला ठाऊक आहे, तीच ती पांढरी, मी घेतलेली पहिली. तिच्या दिव्यांच्या खाली प्लास्टिकची रुंद पट्टी असते, या चाकापासून त्या चाकापर्यंत. तू तिला गाडीचा ओठ म्हणाली होतीस. तर त्या ओठाचा डावा कोपरा लोंबला. दोष माझाच. घराला लागून असलेल्या दुकानापुढच्या नालीला सिमेंटचा काठ आहे, त्या काठावर गाडीचं तोंड टेकवून उभी करायची मला सवय. मागे घेताना ओठ काठात अडकतो, थोडा ओढला जातो, सुटतो. इतकी वर्षं अडकला आणि सुटला. एक दिवस सुटताना आतून कट असा आवाज आला. समोरच्या पानटपरीवर माणसं उभी होती, दुकानात पोरगा होता, कोणालाच तो ऐकू आला नाही. मला आला. माझे कान तुला माहीत आहेत, भिंतीपलीकडे कोणी साखरेचा डबा उघडला तरी मला कळायचं. खाली उतरून पाहिलं तर लकवा मारल्यासारखा कोपरा खाली आलेला.

मिस्त्री जुना आहे. मी भाड्यानं घेऊन चालवायचो त्या जीपपासून त्याचा हात माझ्या गाड्यांना लागलेला. त्यानं वाकून बोट घातलं, कोपरा वर उचलला, सोडून दिला. "सेठ, साइडवाला क्लिप टूट गया. ये क्लिप अब आता नई." मी म्हटलं, मग काय करायचं. "पूरा बंपर डालो. या फिर गाडीच बदल डालो. इसकी भी उमर हो गई, आपकी भी." गॅरेजात बसलेले सगळे हसले. मीही हसलो, धंद्यात हसावं लागतं. पण तळहाताएवढ्या क्लिपसाठी अख्खं तोंड बदला, हा कुठला न्याय, हे काही माझ्या डोक्यात शिरेना. दात हलतो म्हणून कोणी जबडा बदलतं का? तसंच त्याला विचारलं. तो म्हणाला, आजकल सब सेट में आता है सेठ.

पोरानं तोवर कारंज्यातला एक माणूस गाठून ठेवलेला. जुनी गाडी घेतो, वर पैसे टाकले की नवी देतो. पोरगा आता दुकान बरोबरीनं सांभाळतो, बोलायला तो नरमच आहे. "बाबा, कितीक दिवस लोंबवत फिरसान? गिऱ्हाईक बोलून राह्यले. मोटार याच्याकडून घ्यावी अन् याच्याच गाडीचं तोंड लटकेल." मी ऐकून घेतलं. मग एका सकाळी मी पुढच्या खोलीत चहा पीत होतो आणि तो आत स्वयंपाकघरात त्याच्या आईशी बोलत होता. हळू बोलत होता, पण मी सांगितलं ना, माझे कान. तो म्हणाला, "आजीची गाडी, आजीची गाडी लावून धरलं त्याहीनं. आजी बसली किती डाव तिच्यात? एक डाव." त्याची आई भाकरी थापत होती. थापणं थांबलं. म्हणाली, "एकच डाव बसली म्हनून त." आणि पुन्हा थाप सुरू झाली. माझ्या बायकोला इतक्या वर्षांत माझी बाजू घेताना मी फारसं ऐकलेलं नाही, म्हणून ते लक्षात राहिलं.

तो दिवस तुला आठवतो की नाही कोण जाणे. तू आसेगावला ताईकडे होतीस. मी गाडी घेऊन दारात आलो, पूजा आटोपलेली, हळदीची बोटं पुसलीही नव्हती. मी म्हटलं, चाल माय, देवाले जाऊन येऊ. तू म्हणालीस, "देव काय पयून नाई चालला. मले कारंज्याले ने." बसताना गाडीभोवती एक चक्कर मारलीस आणि विचारलंस, हिचा खालचा ओठ काहून एवढा मोठा. मग सगळ्या रस्त्यानं तुझी कुरकुर. मी थंड हवा लावली तर म्हणे, "काच खाली कर, कोंडल्यावानी होते मले." काच खाली केली तर धूळ. मी हळू चालवली तर, "बैलगाडीच आनाची होती मंग." आणि कारंज्यात शिरल्यावर देवळाकडे नाही, नातेवाइकाकडे नाही, धान्य बाजाराच्या फाटकाशी मला थांबवलंस. जिथं तू अर्धं आयुष्य बसून पोत्यांची तोंडं शिवलीस तिथं. "थांब अठीसा. भोंगा वाजव." मी वाजवला. ढिगाजवळ दाभण घेऊन बसलेल्या बाया वळून पाहतात. तू पदर नीट करून, मान ताठ धरून, सरळ समोर काचेतून बघतेस, त्यांच्याकडे नजरही टाकत नाहीस. मी म्हणतो, उतर ना, भेटून ये. "उतरली त बसवतीन मले शिवाले. चाल आता." झालं, एवढ्यासाठी आपण आसेगावहून आलो होतो. परत येताना शेलूबाजार मागे पडल्यावर एकदम म्हणालीस, "गाडीचा ओठ लय खाली हाय. सांभाळ." म्हणजे तू तेव्हाच सांगून ठेवलं होतंस, आणि हेच मला सगळ्यात जास्त झोंबतं. मेल्यावरही तुझं बरोबर निघतं.

तर शर्त अशी लागली. माझ्या साळ्याच्या पोरीचं लग्न ठरलं, साक्षगंध कारंज्यात होतं. पोरगा दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, "बाबा, एक काम करू. गाडीनंच जाऊ. बंपर जाऊन येईपर्यंत जागेवर राह्यला त गाडी घरी राह्यली, मी पुन्हा नाव नाई घेनार. पडला त तठीच त्या माणसाले चाबी देऊन टाकू अन् बसनं येऊ." मी हो म्हटलं. चारचौघांत विचारल्यावर मी नाही म्हणत नाही, हे त्याला माझ्याकडूनच माहीत. मग मी बंपरच्या मागे लागलो.

आधी गोंद. त्या गोंदावर खायचा सोडा टाकला की दगड होतो, असं मोबाइलवर एक जण दाखवत होता. खरंच दगड झाला. घरात मात्र "माह्या भज्याचा सोडा कुठी गेला" म्हणून शोध सुरू. दगड गावाबाहेरच्या पहिल्या गतिरोधकावर निखळला आणि जाताना बंपरचा आतला कान, म्हणजे तो क्लिपमध्ये अडकायचा भाग, सोबत घेऊन गेला. मग स्क्रू. चाकाच्या वरच्या पत्र्यातून सरळ बंपरमध्ये पिळले. प्लास्टिक उन्हानं वाळलेलं, तिसऱ्या स्क्रूला चर्र करून चीर गेली. पोरगा गल्ल्यावरून बघत होता आणि कॅल्क्युलेटर जोरात दाबत राहिला. मग मी स्लॅबच्या सळ्या बांधायची तार आणली. चिरेच्या दोन्ही अंगाला भोकं पाडली आणि आतल्या लोखंडी पट्टीला बंपर तारेनं आवळून टाकला. पक्कडीनं पीळ देत गेलो. आवळताना प्लास्टिकमधून बारीक कुरकुर यायला लागली. मी ती स्वच्छ ऐकली, आणि तरी आणखी एक पीळ दिला. माझं सगळं असंच चालत आलंय माय, उधारी वसूल करायची असो की बोअरचा पाइप बसवायचा असो, एक पीळ जास्तीचा. त्यावरच मी उभा राहिलो. शेलूबाजारपर्यंत चाचणी घ्यायला निघालो, तिथवर पोचलोच नाही. साबणातून दोरा जावा तशी ती तार प्लास्टिकमधून आरपार गेली, आणि आता कोपराच नाही, डावीकडचा हातभर ओठ खाली आला. लोंबणारं तोंड घेऊन मी दोन गावांतून हळूहळू परत आलो. एक म्हातारा रस्त्याच्या कडेनं शेळ्या नेत होता, त्यानं हात करून थांबवलं आणि म्हणाला, "भाऊ, तुमचं काईतरी पडून राह्यलं." मी म्हटलं, माहीत हाय बावा.

घरी येऊन ओट्यावर बसलो तर बायको चहा घेऊन आली. तिनं वाकून फाटलेली जागा पाहिली. भोकं जशीच्या तशी, तार शाबूत, फाटलं ते भोकाच्या पुढचं प्लास्टिक. म्हणाली, "अवो, हे त तुरीवानीच झालं." मी कपाळाला हात लावला. ती तुरीची गोष्ट तू घरी येईल त्या पाहुण्याला सांगत होतीस. व्याह्यांनासुद्धा सोडलं नाहीस.

मी तेव्हा कारंज्याच्या बाजारात हमाली करत होतो, मिसरूड फुटलेलं, पाठीत जोर. त्या दिवशी ट्रक उभा होता, ड्रायव्हर सारखा भोंगा वाजवत होता आणि शिवणाऱ्या बाया कमी होत्या. मी म्हटलं, यात काय आहे, आणि दाभण उचललं. भराभर शिवत सुटलो. वर तुला ऐकवलंही, तुझ्या पोत्यांची तोंडं कशी ढिली दिसतात, माझी बघ कशी आवळून बसली. पोती ट्रकवर चढली. थप्पीवर जे पोतं आपटलं ते फाटलं. शिवण नाही, शिवणीच्या शेजारचा ताग. तूर वाहायला लागली, ट्रकच्या पाटावरून, चाकांवरून, खाली मातीत. तू आलीस. आरडाओरडा केला नाहीस, तो केला असतास तर बरं झालं असतं. एक फाटकं पोतं उचलून माझ्या नाकाशी धरलंस. "शिवन पाह्य. शाबूत हाय. तुह्यी शिवन जितली अन् पोतं हारलं." मग सगळ्या बायांसमोर खाली बसवून सांगितलंस, की पोतं आपटलं की आतला दाणा सरकतो, त्याला सरकायला जागा ठेवायची. मधले टाके ढिले. जोर घ्यायचा तो दोन टोकांच्या कानांनी. कोपऱ्यात मूठभर दाणा धरून पोत्याचा कान काढायचा आणि तिथं सुतळी आवळायची, हवी तेवढी. हमाल उचलतो तोही त्या कानांनाच धरून. मी शिकलो म्हणून मान हलवली. एक बाई म्हणाली, "माय वो, तुह्या लेकाले मापं मोजाले बसव, मापारी कर, शिवाले नोको बसवू." त्यावर तू हसलीस. मग मी संध्याकाळपर्यंत चाळणी घेऊन मातीतली तूर वेचत बसलो.

ती गोष्ट आठवल्यावर काय करायचं ते उघडच होतं. दुकानातून मोटार सोडायची नायलॉनची दोरी आणली. जी दोरी बोअरमध्ये पाण्यासकट मोटार धरून ठेवते तिला बंपर म्हणजे काय. तिचे पदर सोडवले. सायकलची जुनी ट्यूब कापली, तिच्या जाड वळकट्या करून फाटलेल्या भागाच्या दोन्ही टोकांना बसवल्या, म्हणजे पोत्याचे कान झाले. नवी भोकं पाडली, या वेळी काठापासून लांब. टोकांना दोरी करकचून, आणि मधे टाके असे पडले की बोट घातलं तर फिरावं. बंपर हातानं हलवला की हलायचा आणि सोडला की आपल्या जागी यायचा. पांढऱ्या गाडीवर निळ्या दोरीची शिवण. दिसायला काही छान नव्हतं. पोरानं पाहिलं आणि म्हणाला, "बाबा, हे घेऊन साक्षगंधाले जाचं?" मी म्हटलं, शर्त दिसण्याची नव्हती.

जाताना मी चालवत होतो, पोरगा शेजारी, बायको मागे आहेराचं पातेलं मांडीवर घेऊन. गतिरोधक आला की पोरगा काच खाली करून डोकं बाहेर काढायचा आणि मी कान टवकारायचो. चाक चढायचं, गाडीचं तोंड खाली जायचं, आणि डावीकडून थप असा मऊ आवाज यायचा. एकदा, आणि मग शांत. कुरकुर नाही. एका गावाबाहेर नवाच गतिरोधक टाकलेला, त्याला ना पट्टे ना पाटी, गाडी उडालीच. पोरगा म्हणाला, "गेला." मी ऐकत होतो. थप. मी म्हटलं, नाई गेला, चाल.

कारंज्यात साळ्यानं दारातच पकडलं. "या जवाईबुवा. गाडीचं ऑपरेशन कुठी केलं? टाके कवा काढनार हाय?" सगळा मांडव बाहेर येऊन बघून गेला. एका म्हातारीनं तर शिवणीवरून बोट फिरवलं आणि काहीतरी ओळखल्यासारखी मान हलवली. तो गाडी घेणारा माणूसही आला होता, पोरानंच बोलावलेला. त्यानं बंपर धरून गदागदा हलवला. "हे त हालते राजेहो." मी म्हटलं, "हालालेच पाह्यजे. नाई हाललं त फाटीन." त्यानं पोराकडे पाहिलं, पोरानं माझ्याकडे. मला वाटलं आता पोरगा काहीतरी बोलेल. तो म्हणाला, "जेवून घ्या तुमी, मंग पाहू." आणि मग काही पाहायचं राहिलं नाही. आम्ही तसेच गाडीनं परत आलो, दारात येईपर्यंत बंपर जागेवर. पोरानं खाली उतरून बंपरला हात लावला आणि मग चावी आणून माझ्या हातावर ठेवली. "घ्या बाबा. मानलं तुमाले. आजीचा टाका तुमाले येते हे मले ठाऊकच नोतं." मी चावी खिशात टाकली. मागून बायको रिकामी पिशवी घेऊन घरात गेली.

आता माझं तुझ्याशी भांडण आहे ते सांगतो. त्या दिवशी दोरी आणली, ट्यूब कापली, भोकं पाडली, ते सगळं मी केलं. मग दाभण घेऊन शिवायला बसलो. पहिला टाका घातला, दुसरा ओढला, आणि प्लास्टिक कुरकुरलं. हात आपोआप ओढतो माय, ढिलं सोडणं त्याला येतच नाही. बायको म्हणाली, "सरका." साडी खोचून नालीच्या काठावर बसली, दाभण घेतलं आणि बोटानं अंतर मोजत टाके सोडत गेली, अगदी तुझ्यासारखी, अंगठा आडवा धरून. मी विचारलं, हे तू कुठी शिकली. म्हणाली, "मायनं शिकवलं. मी नवी आलती तवा. दुपारी ओट्यावर जुनं पोतं घेऊन बसवे मले." मी म्हटलं, मग मले काहून नाई हात धरून शिकवलं तिनं, इतके वर्ष मी तठीच होतो. ती दोरी दातानं तोडत म्हणाली, "इचारलं होतं मी. म्हने त्याले शिकवून काय फायदा, तो अखीन आवळीन." म्हणजे तू मला सोडून दिलंस आणि तिला घेऊन बसलीस, आणि दोघींनी मला कधी कळूही दिलं नाही. याचा राग कोणावर काढू? तू नाहीस, आणि तिच्यावर काढला तर पुढच्या वेळी बंपर कोण शिवेल.

हा कागद कुठं पोचवायची सोय नाही, आणि घरात ठेवला तर ती वाचेल, म्हणून फाडून टाकीन. दुकानात अजूनही माणसं गाडी पाहून विचारतात, भाऊ हे कोणं केलं, आणि मी म्हणतो, मीच. ती आतल्या दारात उभी असते, ऐकते, आत जाते. तुझ्यासमोर मात्र ते निभत नाही, तुला त्या तुरीपासून माहीत आहे. ती शिवत होती तेव्हा गाडीच्या तोंडाखाली नीट दिसत नव्हतं. मी शेजारी उकिडवा बसून मोबाइलची बत्ती धरली होती.